ड्रोनच्या व्हिडिओत नाल्याचं पाणी दिसत नाही

बेळगावजवळ येळ्ळूर, धामणे, हलगा या बाजूला प्लॉट बघत असाल तर इसारा देण्याआधी हे वाचा.

आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ड्रोनचा व्हिडिओ आला. सपाट शिवार, त्यावर पांढऱ्या रेघांनी आखलेले प्लॉट, मधून 30 फुटी रस्ता आणि मागे अगदी लागून सुवर्णविधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावची इमारत. एप्रिलमध्ये एजंटने जागाही दाखवली. जमीन खडखडीत वाळलेली, खुणा व्हिडिओशी जुळणाऱ्या. ‘बुडाची मंजुरी झाली, रेराचा नंबर येतोय,’ असं तो छातीठोक सांगत होता. बुडा म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण आणि रेरा म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण. 12 लाखांच्या प्लॉटला 2 लाख इसारा घेतला.

जुलैत बळ्ळारी नाला फुगला. तोच व्हिडिओ मोबाईलवर लावून मी बांधावर उभा राहिलो, तर आमच्या प्लॉटवर गुडघाभर पाणी. शेजारच्या रानातले आजोबा खोरं घेऊन आले. म्हणाले, “हितं दरसाली पाणी तुंबतंय. आणि रस्ता कुठला दाखवला तुमास्नी? माझा बांध हाय त्यो.”

रेघा आणि रस्ता नंतर संगणकावर काढलेले होते. लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सने सुवर्णसौध पाठीला आणून लावला होता. आणि ड्रोनमधून सरळ खाली बघितलं की खोलगट रानसुद्धा सपाटच दिसतं. ड्रोन उडवणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याने जे होतं ते टिपलं. लबाडी झाली ती त्यानंतर.

कागद सगळे कन्नडमध्ये. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाहीत आणि हे लोक नेमके तिथेच गाठतात, याचा मला फार राग आहे. माझ्या मुलीने सर्व्हे नंबर ‘भूमी’ या कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर टाकला. जमीन शेतीचीच, एन.ए. झालेली नाही आणि मालकांच्या नावांत आमच्याकडून पैसे घेणाऱ्याचं नावच नाही. बुडाची मंजुरीही खोटी निघाली.

एका वकिलांनी रेरा कायदा समजावून सांगितला. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कलम 12 प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले असतील, तर ते व्याजासकट परत मागता येतात. आमचा अर्ज कर्नाटक रेराकडे गेलाय, पोलिसांतही तक्रार दिलीय.

तुम्हीही असाच इसारा दिला असेल, तर रागाच्या भरात तो व्हिडिओ पुसू नका. जाहिरात म्हणून तोच पुरावा आहे. ज्या नंबरवरून आला ते चॅट, पैसे भरल्याची पावती आणि पावसाळ्यात जागेवर काढलेले फोटो एकत्र ठेवा.