रेडॉन मीटर: आकडा खरा, डोसाचं गणित मोघम

चवथीला भाचा जर्मनीहून आला तो घरातला रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, मोजायचं हे खेळणं घेऊन. मोबाईलपेक्षा जाड, पांढरं, सेलवर चालणारं. "मामी, महिनाभर ठेव, मग सांग." मी शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली, म्हणून मलाच दिलं असावं.

आमचं गोव्यातल्या साखळी गावचं घर दोन तऱ्हेचं. पुढचा भाग जुना, चिऱ्यांचा, वर नळे, म्हणजे कौलं. मागची खोली स्लॅबची, एसी असलेली, तिथे आम्ही दोघं झोपतो. सासरे माजघरात, दिवसातले वीस तास खाटेवर. मला काळजी त्यांचीच होती.

पहिला दिवस मीटर गप्प. चोवीस तासांनी आकडा आला, तोही रोज हलणारा. पहाटे चढतो, दुपारी उतरतो. म्हणून प्रत्येक खोलीत दहा दिवस ठेवला, खिडकी आणि भिंतीपासून लांब, स्टुलावर. माजघराची सरासरी 31 बेकरेल (सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप) प्रति घनमीटर, वसरीची 22. एसीच्या खोलीची 90! नळ्यांच्या फटींतून वारा खेळतो, स्लॅबखाली जमिनीतून आलेला वायू कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी 100 आहे, त्यामुळे घाबरले नाही. इथवर मीटरला पैकीच्या पैकी.

तक्रार आहे ती ॲपबद्दल. एसीच्या खोलीसाठी त्याने सरळ लिहिलं: वर्षाला 2.3 मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला बसणारा किरणोत्साराचा डोस. तुम्ही खोलीत किती तास असता, हे विचारलंच नाही. वही काढून उलटं गणित केलं तेव्हा कळलं, वर्षाचे 7000 तास गृहीत धरलेत. आम्ही तिथे आठ तास झोपतो, म्हणजे 2920 तास. तेवढ्याचे 0.95 होतात. सासऱ्यांचे माजघरातले वीस तास धरूनही 0.81. म्हणजे दिवसभर खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यापेक्षा नुसती झोप काढणाऱ्या आम्हा दोघांना जास्त!

दुसरं, हा मोजतो वायू, आणि फुप्फुसाला त्रास देते ती वायूची पिल्लावळ. रेडॉन श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतेक बाहेरही येतो. त्याच्यापासून झालेलं पोलोनियम मात्र धुळीवर बसून येतं, श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटतं आणि तिथेच अल्फा कण सोडतं. तो कण मिलिमीटरचा दहावा भागही जात नाही, सगळी ऊर्जा त्या पातळ थरातच ओततो. मीटरच्या तोंडाशी गाळणी असते, पिल्लावळ आत शिरतच नाही. वायूच्या मानाने तिचा वाटा 0.4 धरून ॲप मोकळं होतं. पंखा फिरत असेल तर ती पात्यांना, भिंतींना चिकटते आणि हवेतला वाटा घटतो. आमच्या माजघरात पंखा रात्रंदिवस चालू.

तिसरं, हवेतल्या आकड्यावरून डोस काढायचा गुणक कुठला घेतला ते लिहिलेलं नाही. माझी वही जुळली ती संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार समितीच्या गुणकाशी. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाचा 2017 चा गुणक घेतला तर आमचे 0.95 चे पावणेदोनच्या वर जातात. हवा तीच, फुप्फुसं तीच.

शेजारची विचारते, खाणीच्या ट्रकांची धूळ यात कळते का? नाही हो. ती धूळ मोजायला वेगळं यंत्र लागतं. आणि घरात कुणी विडी ओढत असेल तर रेडॉनचा धोका कित्येक पट वाढतो, त्यावर ॲपमध्ये एक ओळ नाही.

साडेतीन तारे. नळ्यांच्या घरात राहणाऱ्याने पैसे घालू नयेत. एसी लावून बंद खोलीत झोपणाऱ्याने कुणाकडून तरी महिनाभर मागून आणावा. आम्ही आता एसी सुरू करायच्या आधी तासभर खिडक्या उघडतो आणि रात्री एक दोन बोटं उघडी ठेवतो. आकडा 52 वर आलाय. विजेचं बिल वाढलंय आणि ह्यांना डास चावतात. मीटर सध्या समोरच्यांकडे आहे, त्यांचीही खोली स्लॅबची.