मुलांसाठी काय करून ठेवावं: कोल्हापुरी साज की पाटल्या?

हिशेबानं बघाल तर पाटल्या सरस. भरीव, बिनखड्याच्या, 22 कॅरेटच्या. आत 916 चा (म्हणजे 91.6 टक्के सोन्याचा) शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क क्रमांक असला, की तीस वर्षांनीही शुद्धतेवरून सराफाशी वाद नको. शिवाय जोडी असते: दोन मुलं असतील तर एकेकाला एकेक, भांडण नाही. अडचण एकच, मापाची. आईचा हात बारीक आणि लेकीचा भरलेला, तर साबण लावूनही पाटली चढत नाही. म्हणून पेचाच्या, म्हणजे स्क्रू फिरवून उघडणाऱ्या, करून घ्या.

साजाचं तसं नाही. तो कुणाच्याही गळ्यात बसतो, मागचा गोंडा सरकवला की झालं. पारंपरिक साजात 21 पानड्या, म्हणजे छोटी पदकं: दशावताराच्या दहा, अष्टमंगलाच्या आठ, माणिक-पाचूच्या दोन आणि एक डोरलं. मासा, कासव, शंख दाखवत आजी नातवंडांना एकेक गोष्ट सांगू शकते. पाटलीबद्दल सांगणार काय, वजन?

पण साजातले जवमणी, म्हणजे पानड्यांमधले सोन्याचे मणी, पोकळ, आत लाख. मोडायला नेलात तर लाखेचं वजन वजा होतं, मजुरी जाते ती वेगळीच. मणी चेपतात, दोरा झिजतो, अधूनमधून पटव्याकडून गाठवून घ्यावा लागतो. सणापुरताच घातला तर मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो. आणि वाटणी? साज तोडून वाटायचा विचारही करू नका.

माझं मत विचाराल तर अडीअडचणीची सोय दुसरीकडे असेल तर साजच. नसेल तर आधी पाटल्या.