अमेरिकेच्या २०२४ च्या निकालाचा काउंटीवाइज वॉल मॅप: घ्या, पण शेडवाला घ्या

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा पॅकिंगने घालवला, उरलेला एक का गेला ते खाली येईलच.

वस्तू काय आहे, तर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कुठल्या काउंटीने (म्हणजे साधारण आपला जिल्हा) कोणाला किती मत दिलं ते दाखवणारा भिंतीवर लावायचा नकाशा, ३६ बाय २४ इंच, मॅट पेपर, प्रिंट एकदम शार्प. ऑनलाइन एक छोटा सेलर छापून पाठवतो. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार आहे आणि माणूस एकटाच सगळं सांभाळत असावा असं दिसतंय. तसेही असे नकाशे आता ढिगाने मिळतात, त्यामुळे कुठलाही घ्यायचा असेल तरी हे वाचून ठेवा.

यात दोन प्रकार येतात. एक दोन रंगांचा, म्हणजे काउंटी ज्याने जिंकली त्याचा रंग भरला की झालं. दुसरा शेडवाला, जितकी टक्केवारी जास्त तितका रंग गडद. दोन-चार डॉलरचा फरक असतो आणि लोक तिथेच काटकसर करतात. आमच्या साडूभाऊंनी केली. त्यांच्या टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या घरी हॉलमध्ये दोन रंगांचा लावलाय आणि तो बघितला की वाटतं अख्खा देश लाल आणि कडेकडेने कोणीतरी निळी शाई शिंपडलीय. आता प्रत्यक्षात ट्रम्पना (रिपब्लिकन, लाल) ४९.८ टक्के आणि हॅरिसना (डेमोक्रॅट, निळा) ४८.३, म्हणजे दीड टक्क्याचा खेळ, पण भिंतीवर मात्र एकतर्फी धुलाई झाल्यासारखं दिसतं. कारण सरळ आहे, नकाशा जमीन दाखवतो. लॉस एंजेलिस काउंटीत कोटीच्या आसपास माणसं राहतात आणि तिचा तुकडा एवढासा, तिला चिकटून सॅन बर्नार्डिनो काउंटी, माणसं त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पण आकार चौपटीहून मोठा, बहुतेक सगळं मोहावीचं वाळवंट, आणि ती यावेळी थोडक्यात ट्रम्पकडे गेली, तर दोन रंगांच्या नकाशात ते सगळं ओसाड वाळवंट पण ठसठशीत लाल. टेक्ससमधली लव्हिंग काउंटी, २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं, म्हणजे आमच्या बिल्डिंगपेक्षा कमी, तिलाही अख्खा चौकोन.

शेडवाल्यात हा घोटाळा पूर्ण जात नाही, पण बराच कमी होतो. आणि साडूभाऊंना पटवायला मला त्यांचीच काउंटी पुरली. फ्रिस्कोचा मोठा भाग कॉलिन काउंटीत येतो, तिथे २०१२ ला रिपब्लिकन रॉम्नींना ६५ टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०२० ला ट्रम्पना जेमतेम ५१, आणि २०२४ ला पुन्हा थोडी वर. बारा-पंधरा वर्षांत तिथे आयटीवाली मंडळी, आपले लोक, किती आले ते तिकडच्या कुठल्याही इंडियन ग्रोसरीत रविवारी गेलात तर कळेल. दोन रंगांवर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, तेव्हाही लाल आणि आताही लाल.

रंगांवरून आठवलं, आई सध्या साताऱ्याहून आलीय, तिने नकाशा बघून पहिलंच विचारलं, "एवढे कम्युनिस्ट आहेत होय रे इथे?" आणि निळा बघून तिच्या डोक्यात अर्थातच दुसरंच काहीतरी. खरं म्हणजे हे लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट प्रकरण फार जुनं नाहीये. १९८० ला रिपब्लिकन रेगन जिंकले तेव्हा एनबीसी टीव्हीने त्यांची राज्यं निळी दाखवली होती. २००० साली बुश-गोर मोजणी आठवडेच्या आठवडे लांबली, रोज टीव्हीवर तोच नकाशा, आणि तेव्हापासून रंग पक्के झाले. सेलरने कोपऱ्यात एवढी एक ओळ टाकली असती तर बरं झालं असतं.

आता पैसे कुठे वसूल होतात ते सांगतो. नकाशासमोर चहा घेऊन उभं राहा आणि खाली उजवीकडे बघा. मिसिसिपीपासून अलाबामाच्या पोटातून जॉर्जियाकडे एक निळी कमान जाते, आजूबाजूला सगळं गडद लाल आणि मध्येच हा पट्टा. याला तिकडे ब्लॅक बेल्ट म्हणतात. डायनासोरच्या काळात समुद्राचा किनारा इथे होता, त्या उथळ समुद्राच्या तळाशी चुनखडीचा थर साचला, त्याच्यावर काळी सुपीक जमीन तयार झाली, मग तिथे कापूस, मग कापसाच्या मळ्यांसाठी गुलाम आणून बसवले, आणि आज त्यांचेच वंशज तिथे बहुसंख्य आहेत आणि डेमोक्रॅटिक मत देतात. १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट, म्हणजे मतदानहक्काचा कायदा, येईपर्यंत यातल्या बहुतेकांना मतच देऊ देत नव्हते, ज्या सेल्मामधून त्या हक्कासाठी मोर्चा निघाला ते ह्याच पट्ट्यात आहे. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राची कड २०२४ च्या निकालात बोट ठेवून दाखवता येते! आपल्याला काळी जमीन आणि कापूस म्हटलं की वऱ्हाड आठवतं (आपली काळी माती बेसॉल्टची, ती गोष्ट वेगळी), आणि त्यांच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडकला तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे हा पट्टा मला उगाच ओळखीचा वाटतो. तर हे शेडमध्ये दिसतं बरं का, कमानीच्या मध्यावर गडद आणि कडेला फिकं फिकं होत गेलेलं.

दुसरी जागा म्हणजे टेक्ससचं टोक, रिओ ग्रांडे नदीकाठची स्टार काउंटी. ९७ टक्के हिस्पॅनिक वस्ती, २०१२ ला ओबामांना ८६ टक्के, २०१६ ला हिलरींना ७९, आणि २०२४ ला ट्रम्प जिंकले, सरळ ५८ च्या आसपास घेऊन. १८९२ नंतर तिथे पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवार आला. शेजारच्या बॉर्डरवरच्या काउंट्याही बऱ्याच उलटल्या. "हिस्पॅनिक म्हणजे डेमोक्रॅट" हे समीकरण अजून कोणी ऐकवलं की त्याला नकाशासमोर नेऊन उभं करायचं. आमच्या न्यू जर्सीतही तेच, पसेइक काउंटी १९९२ नंतर पहिल्यांदा लाल झाली, आणि आमची एडिसनवाली मिडलसेक्स निळी राहिली खरी पण फिकी पडलीय.

मग छोटे छोटे ठिपके शोधत बसायचं. वायोमिंगच्या लाल रानात टीटन काउंटी निळी, कारण तिथे जॅक्सनचं स्की रिसॉर्ट आणि श्रीमंत मंडळी. साउथ डकोटात ओग्लाला लकोटा काउंटी गडद निळी, कारण ती पाइन रिज रिझर्व्हेशनची (तिथल्या मूळ रहिवाशांची राखीव वसाहत), म्हणजे एक निळा ठिपका अतिश्रीमंतांचा आणि दुसरा देशातल्या सगळ्यात गरीब लोकांपैकी काहींचा. इलिनॉयमध्ये शॅम्पेन काउंटी निळी, जिथे आपली पोरं एमएस करायला जातात. उलट वेस्ट व्हर्जिनियाच्या ५५ च्या ५५ काउंट्या लाल, १९९६ ला क्लिंटननी जिंकलेलं राज्य आहे हे, खाणकामगारांच्या युनियनचं. कोळसा गेला, युनियन गेली, मतंही गेली.

आता तक्रारी. शेडची पट्टी ७० टक्क्यांना संपते. त्यामुळे ७२ वाली काउंटी आणि नव्वदीच्या वर गेलेलं वॉशिंग्टन डीसी एकाच रंगात, हे काय पटत नाही, अजून दोन शेड टाकायला शाई किती लागते? अलास्का अख्खं एका रंगात भरलंय, पण त्यात सेलरची चूक नाही, तिथे निकाल काउंटीसारख्या विभागांनुसार जाहीरच होत नाहीत, मात्र तळटीप हवी होती. मेन आणि नेब्रास्का आपली इलेक्टोरल मतं (राज्याच्या वाट्याची, ज्यांच्या बेरजेवर अध्यक्ष ठरतो ती) डिस्ट्रिक्टनुसार वाटतात, ओमाहावाला डिस्ट्रिक्ट हॅरिसना गेला आणि मेनचा दुसरा ट्रम्पना, ते नकाशात कुठेच नाही, खाली नुसतं ३१२-२२६ लिहून मोकळे. व्हर्जिनियात काही शहरं काउंटीच्या बाहेर स्वतंत्र मोजली जातात, शार्लट्सव्हिल वगैरे, ती इतकी बारीक आलीत की आईला वाटलं छापताना डाग पडलेत.

आणि एक स्टार गेला तो ह्यासाठी, की २०२० च्या तुलनेत कोण किती सरकलं ते दाखवणारा एक छोटा नकाशा कोपऱ्यात नाही. २०२४ ची खरी गंमत तिथे होती. न्यू जर्सी हॅरिसनीच जिंकलं, पण बायडनना जिथे १६ टक्क्यांची आघाडी होती तिथे ती साधारण सहावर आली, आणि नुसता जिंकलं-हरलं बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

पॅकिंग बेकार. ट्यूब पातळ, एक टोक दबून आलेलं, त्यामुळे फ्लोरिडावरून एक घडी गेलीय ती अजून सरळ होत नाही. मेल केला तर दोन दिवसांत उत्तर आलं, दुसरा पाठवतो म्हणाले, मीच नको म्हटलं.

कोणी घ्यावा? ज्यांची मुलं इथे शाळेत इलेक्टोरल कॉलेज शिकतायत त्यांनी नक्की घ्या, आणि ज्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालायची हौस आहे त्यांनी तर घ्याच. फक्त कोण जिंकलं एवढंच बघायचं असेल तर फोनवर फुकट मिळतं, उगाच भिंत अडवू नका. त्याच सेलरकडे २०२० चाही शेडवाला मिळतो, परवडत असेल तर दोन्ही शेजारी शेजारी लावा, माझी जी मुख्य तक्रार आहे ती त्याने मिटते. आणि फ्रेम करताना साधी चमकणारी काच घालू नका, समोरच्या खिडकीचा उजेड पडला की फिक्या शेड दिसतच नाहीत, नॉन-ग्लेअर ॲक्रिलिक मागा, थोडं महाग पडतं पण चालतं.