तिन्यानेल्लो २०१०, थांबल्याचं चीज झालं

फ्लॉरेन्समधे एकदाची तिन्यानेल्लो २०१० (म्हणजे २०१० च्या द्राक्षांची रेड वाईन) उघडली आणि काय सांगू, चव अजून जिभेवर आहे. अँटिनोरी घराण्याची वाईन, कियांती क्लासिको या वाईनच्या भागातल्या टेकड्यांमधली, साधारण ८०% सांजोवेसे जातीची द्राक्षं, बाकी कॅबर्ने सोविन्यों आणि थोडं कॅबर्ने फ्रांक. १९७१ साली त्यांनी कियांतीचे तेव्हाचे नियम बाजूला ठेवून छोटी ओक पिंपं वापरली, मग १९७५ ला पांढरी द्राक्षं पण पूर्ण काढली, त्यामुळे लेबलवर साधी टेबल वाईन (सगळ्यात खालचा दर्जा) म्हणून लिहावं लागायचं, एवढ्या भारी वाईनवर!

तासभर डिकँटरमधे (वाईनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायचं काचेचं भांडं) ठेवली. आधी नुसता चामड्याचा, तंबाखूचा वास, मग हळूहळू सुकलेली चेरी वर आली, टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) एकदम मऊ, घशाला कुठे ओरखडा नाही, पण सांजोवेसेचा तो आंबटपणा अजून टवटवीत, आमसुलासारखा तोंडाला पाणी आणणारा. हे मला सगळ्यात आवडलं. सोबत बिस्तेक्का (बीफचा जाड स्टेक) होतं, जुनं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) पण मस्त जाईल.

जुन्या बाटलीत तळाला गाळ असतो, आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि सावकाश ओता. महाग आहे, मान्य, पण घेतलीच तर प्लीज कोवळी पिऊ नका, दहा वर्षं तरी राहू द्या.