माँटलिव्हाल्टिया की थेकोस्मिलिया?
प्रश्न जीवाश्म ओळखण्याचा. दोन्ही प्रवाळ माँटलिव्हाल्टिइडी या नामशेष कुळातले. माँटलिव्हाल्टिया (नाव 1821 मधलं) एकांडा: एक प्राणी, एक पेला (सांगाड्याचा खळगा, ज्यात प्राणी बसायचा). थेकोस्मिलियात (नाव 1848 मधलं) प्राणी दुभागत जातो नि प्रत्येक भागाची स्वतंत्र फांदी होते. पेल्यातले उभे पडदे दोघांतही दातेरी कडेचे, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. गफलत होते ती थेकोस्मिलियाच्या तुटक्या फांदीत. सुटी मिळाली की हमखास माँटलिव्हाल्टिया ठरते. म्हणून आधी खालचं टोक बघा: निमुळतं असेल किंवा चिकटल्याची खूण असेल तर बहुधा एकांडा, भंगलेलं असेल तर शंका घ्या. वरचा पेला मध्येच आवळलेला, आठच्या इंग्रजी आकड्यासारखा दिसला, तर विभाजन सुरू झालंय. सांगाड्याच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रचनेवर फार भिस्त नको. सांगाड्यातल्या मूळ अ‍ॅरागोनाइट या खनिजाचं बहुतेकदा कॅल्साइट हे दुसरं खनिज झालेलं असतं, त्यात मूळ रचना पुसट होते. कच्छच्या ज्युरासिक थरांतल्या माँटलिव्हाल्टियालाही हीच कसोटी लावा.