कॅम्पर व्हॅनचे ब्रेक आणि चाकं: काय स्वतः करावं, काय गॅरेजला द्यावं

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतली की हा प्रश्न येतोच. माझं मत आधी सांगते: चाकं आणि तपासणी स्वतःकडे ठेवा, ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागेल ते काम मेकॅनिककडे द्या. कारण या गाडीचं वजन. प्रवासी गाडी कधीतरी रिकामी धावते, कॅम्पर कधीच नाही. पलंग, कपाटं, बॅटऱ्या कायम आत. वर १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की आणखी १०० किलो. एवढं ओझं घेऊन ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट उतरायचा असतो.

चाकं: स्वतः केलेलं सरस

पंक्चरच्या दुकानात बहुतेकदा एअर गननेच नट आवळतात. प्रमाणाबाहेर आवळलेल्या नटाने स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो, आणि आडरस्त्याला स्टेपनी चढवायची वेळ आली तर तो नट हातच्या पान्याला दाद देत नाही. घरी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) घेऊन, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळता येतात. ५० ते १०० किमीनंतर ते पुन्हा तपासायचे असतात, आणि तेव्हा गॅरेजवाला तुमच्यासोबत नसतो. म्हणून काम कुणीही करो, टॉर्क रेंच तुमच्या गाडीत हवाच.

हवेचंही तसंच. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं (चाकांच्या आसाचं) वजन वेगवेगळं घ्या, त्यावरून टायर कंपनीच्या तक्त्यात दाब बघा आणि टायर थंड असताना भरा. कॅम्पर महिनोन् महिने उभी राहते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा.

जमीन मात्र सपाट आणि पक्की हवी. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि खाली हात घालण्याआधी जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलणारा पक्का आधार. मुक्कामी गाडी स्थिर ठेवायला लावलेले पाय चाक काढण्यासाठी नसतात; त्यांच्यावर गाडी उचलू नका.

ब्रेक: बघणं तुमचं, उघडणं त्यांचं

डिस्क ब्रेकचे पॅड (चकतीला घासून गाडी थांबवणारे तुकडे) बदलणं जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकता येतं. कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही, आणि त्यातला पिस्टन मागे ढकलताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं, त्यावर नजर ठेवायची. ड्रम ब्रेकमधल्या लायनरचं (आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं) काम मी गॅरेजलाच देईन.

ब्रेक ऑइल बदलणं आणि एअर (लाइनमध्ये शिरलेली हवा) काढणं तर नक्कीच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५° वर येते. लांब उतारावर ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. गाडी उभीच असली तरी ऑइलचं वय वाढतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांना स्कॅनर लागतो, तो घरी नसतो.

ट्रॅव्हलरचा फायदा असा की ती बस म्हणून सगळीकडे धावते, त्यामुळे लहान गावातही तिची नस ओळखणारा मेकॅनिक भेटतो. परदेशी गाडीवर बांधलेल्या कॅम्परला हे सुख नाही. गॅरेजमध्ये उभं राहून दोन गोष्टी बघा: ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडावा, आणि ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो.

सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल, तर जॅकची कामंही गॅरेजलाच द्या. पण घाट उतरून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. पुढचा घाट घेण्याआधी ते दाखवून घ्या.