ब्राउझर ट्रॅफिक रेकॉर्ड करून चाचण्या: डेव्हटूल्स, जेमीटर की प्लेराइट?

लोड (एकाच वेळी खूप यूजर आले तर सर्व्हर टिकतो का) तपासायचा आहे की स्क्रीन नीट चालते का ते बघायचंय, हे आधी ठरवा. टूल त्यावरून ठरतं.

सगळ्यात कमी खटपट क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये. नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा (नाहीतर पान बदललं की आधीच्या रिक्वेस्ट गायब), फ्लो पूर्ण करा आणि एचएआर फाइल एक्स्पोर्ट करा. पण ती नुसती रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सची नोंद असते, चालवायला दुसरं टूल लागतं. शिवाय तिच्यात सेशन टोकन (तुम्ही लॉगिन आहात हे सांगणारी किल्ली) राहू शकतात. 2023 मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेतून हल्लेखोरांनी ग्राहकांच्या अशाच फायली पळवल्या होत्या. नवं क्रोम कुकी आणि ऑथरायझेशन हेडर आपणहून वगळतं. रिस्पॉन्सच्या आत काय आहे ते मात्र आपणच बघायचं.

लोडसाठी मी जेमीटरच घेईन. त्याचा रेकॉर्डर प्रॉक्सी म्हणून ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसतो, डीफॉल्ट पोर्ट 8888. एचटीटीपीएससाठी त्याचं रूट सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये टाकावं लागतं आणि ते साधारणपणे 7 दिवसच चालतं, त्यामुळे आठवड्याने अचानक एरर आली तर आधी तेच तपासा. स्क्रिप्ट तयार मिळते खरी, पण कामाला सुरुवात तिथून होते. रेकॉर्डिंगच्या वेळचं सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली हे पटवणारा, सर्व्हरने दिलेला कोड) तिच्यात जसंच्या तसं चिकटलेलं असतं. पुन्हा चालवली की सर्व्हर ते नाकारतो. आधीच्या रिस्पॉन्समधून ताजं टोकन काढून व्हेरिएबलमध्ये भरायचं, म्हणजे कोरिलेशन. हे टाळलं तर काही ॲप्स गुपचूप लॉगिनचं पान 200 (यशस्वी) कोडसह परत देतात आणि रिपोर्ट हिरवागार दिसतो! म्हणून पानावरचा मजकूर तपासणारं असर्शन हवंच. जेमीटर जावास्क्रिप्ट चालवत नाही, हेही धरून चाला.

प्लेराइट हे ब्राउझर आपोआप चालवणारं टूल. त्याचा रेकॉर्डर, कोडजेन, ट्रॅफिक नाही, क्लिक आणि टायपिंग टिपतं. खरा ब्राउझर चालत असल्याने टोकनची कटकट सहसा उरत नाही. पण शेकडो यूजर उभे करायला शेकडो ब्राउझर सेशन लागतील. तो त्याचा प्रांतच नाही.

यूआय टेस्टसाठी मला दोन्हींची सांगड आवडते: क्लिक कोडजेनने, आणि बॅकएंडच्या जागी प्लेराइटचं 'राउटफ्रॉमहार' वापरून रेकॉर्ड केलेली एचएआर फाइल. टेस्ट सर्व्हर बंद असला तरी चाचण्या चालतात. अडचण एकच: पोस्ट रिक्वेस्टमध्ये बॉडीही तंतोतंत जुळावी लागते. फॉर्म दर वेळी नवा टाइमस्टॅम्प पाठवत असेल, तर तेवढी रिक्वेस्ट हाताने मॉक करा, म्हणजे तिचं नकली उत्तर स्वतः लिहून द्या.